हेडरने ताकद वाढते, की नुसतीच जागा बदलते?

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, दोन्हींना बसवलेला हेडरही एकच. एक मालक सांगतो, गाडी आता भन्नाट पळते. दुसरा म्हणतो, होता तोही पिकअप गेला, चढावर आता आधीच गिअर उतरवावा लागतो. विकणारा जाहिरातीत वाढीव हॉर्सपॉवरचा आकडा छापतो, आणि जुना मेकॅनिक बजावतो की कंपनीचा पाइप काढू नका, इंजिनाला बॅकप्रेशर लागतं. यातलं कोणीच खोटं बोलत नसण्याची बरीच शक्यता आहे. पहिला मालक गाडी सहा हजार आरपीएमपर्यंत (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्या) खेचतो, दुसरा अडीच हजाराच्या वर सहसा जात नाही. हेडर तोच, पण त्या दोन ठिकाणी तो वेगळा वागतो.

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या आणि पुढे एकत्र येणाऱ्या नळ्यांचा जुडगा. मोटरसायकलवर त्यालाच बेंड पाइप म्हणतात. कंपनीच्या मोटारीत त्या जागी बऱ्याचदा बिडाचा एकसंध ओतीव तुकडा असतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. काम दोघांचं एकच, फरक आकाराचा. नळ्या किती लांब, किती जाड आणि कुठे जोडलेल्या, एवढ्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

## आधी टॉर्क आणि पॉवर

टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला, पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, मिळणारा पीळ. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. तो पीळ किती वेगाने कामी येतो याचा हिशेब म्हणजे पॉवर. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून 9,549 ने भागलं की किलोवॅट मिळतात. समजा एखादं इंजिन 4,000 आरपीएमला 150 न्यूटन-मीटर देतं, तर तिथे पॉवर झाली सुमारे 63 किलोवॅट. त्याच इंजिनाने 6,000 ला 130 न्यूटन-मीटर दिले तर पॉवर 82 किलोवॅटच्या आसपास. टॉर्क घटला आणि तरी पॉवर वाढली.

जाहिरातीतल्या आकड्याचं गुपित इथेच आहे. हेडरने वरच्या आरपीएमला टॉर्क थोडा वाढवला की कमाल पॉवरचा आकडा लगेच फुगतो. खालच्या आरपीएमला टॉर्क घटला असेल, तर त्याचा त्या आकड्यात मागमूसही नसतो.

मुळात टॉर्क ठरतो तो दर फेरीला सिलिंडरमध्ये किती ताजी हवा शिरली यावरून. जेवढी हवा, तेवढंच इंधन जाळता येतं. हेडर तर बाहेर जाणाऱ्या वाटेवर बसलेला. मग त्याचा आत येणाऱ्या हवेशी संबंध काय?

## पिस्टन पोचत नाही ती पोकळी

चार स्ट्रोकच्या इंजिनात ज्वलनाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन तळाला पोचायच्या आधीच, क्रँकच्या मापात साधारण 50-60 अंश आधी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागतो. आत अजून वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो, त्यामुळे बराचसा वायू पिस्टनची वाट न पाहता स्वतःच्याच जोरावर फटकन बाहेर सुटतो. उरलेला मग वर येणारा पिस्टन रेटून काढतो.

पण सगळा नाही. पिस्टन अगदी वर गेला तरी त्याच्या डोक्यावर ज्वलनाची पोकळी राहतेच. सिलिंडर 500 सीसीचा आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाची जागा वर असतानाच्या किती पट) 10 असेल, तर ही पोकळी सुमारे 55 सीसीची. तिच्यातला जळका वायू पिस्टनला कधीच हात लावता येत नाही. तो तिथेच राहिला तर ताज्या हवेची जागा अडवतो आणि तिला तापवतोही.

नेमक्या याच वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नसतो आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. दोन्ही एकदम थोडे थोडे उघडे असण्याच्या या टप्प्याला ओव्हरलॅप म्हणतात. या टप्प्यात हेडरच्या नळीतला दाब कमी असेल, म्हणजे तिथे ओढ असेल, तर पोकळीतला वायू खेचला जातो आणि त्याच्या पाठोपाठ ताजी हवा आत येऊ लागते, पिस्टन खाली निघायच्याही आधी. ही साफसफाई म्हणजे स्कॅव्हेंजिंग. ओढीऐवजी रेटा असेल तर उलटंच होतं: बाहेर गेलेला वायू परत आत, कधी थेट इनटेकच्या नळीपर्यंत.

म्हणजे हेडरकडून हवं आहे ते एवढंच की ओव्हरलॅपच्या काही सहस्रांश सेकंदांत व्हॉल्व्हपाशी ओढ असावी. ती आणायची कुठून, हे समजायला थोडा विचार करावा लागतो.

## धक्का वेगळा, वायू वेगळा

एकमेकांचे खांदे धरून उभ्या असलेल्या लांब रांगेत मागून जोरात धक्का दिला, तर माणसं जागची फार हलत नाहीत, पण धक्का मात्र क्षणात पुढच्या टोकाला पोचतो. सर्वात पुढच्या माणसासमोर मोकळी जागा असेल तर तो पुढे धडपडतो, आणि खांदे धरलेले असल्यामुळे आता मागच्यांना पुढे ओढ बसते. ही ओढ उलट दिशेने, माणसामागून माणूस, रांगेच्या शेवटापर्यंत जाते. पुढे भिंत असती तर धक्का धक्का म्हणूनच परत आला असता.

हेडरच्या नळीत हेच घडतं. व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लहर नळीतून निघते. वायू स्वतः त्या मानाने हळू सरकतो. लहर मात्र त्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने जाते. साध्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, हेडरमधल्या सहाशे-सातशे अंशांच्या वायूत तो साडेपाचशेच्या पुढे. नळी जिथे एकदम रुंद होते, म्हणजे चारही नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी, तिथे लहरीचा काही भाग ओढ होऊन परत फिरतो. ही परतलेली ओढ ओव्हरलॅपच्या वेळी व्हॉल्व्हपाशी हजर असावी, एवढ्यासाठी नळीची लांबी मोजून ठरवतात.

याशिवाय वायूचं स्वतःचं वजनही मदतीला येतं. नळीतून वेगाने निघालेला वायूचा स्तंभ लगेच थांबत नाही, तो आपल्या मागे थोडी पोकळी सोडून जातो. ही ओढ वेगावर चालते, लहरीची ओढ वेळेवर. चांगल्या हेडरमध्ये दोन्ही साधावं लागतं.

## लांबीचं गणित

सिलिंडरपासून कलेक्टरपर्यंतच्या नळीला प्रायमरी म्हणतात. ती 80 सेंटिमीटर धरू. लहरीला जाऊन यायला 1.6 मीटर, सेकंदाला 550 मीटरने, म्हणजे जवळपास 2.9 सहस्रांश सेकंद. नळी तीच असल्याने हा वेळ इंजिनाच्या वेगाने फारसा बदलत नाही. पण तेवढ्या वेळात क्रँक किती फिरतो ते मात्र पार बदलतं: 3,000 आरपीएमला 52 अंश, 6,000 ला 105 अंश, 9,000 ला 157 अंश.

व्हॉल्व्ह अंशांवर चालतात, लहर सेकंदांवर. म्हणून कुठल्याही एका लांबीची नळी प्रत्येक आरपीएमला वेळेवर पोचू शकत नाही. शिवाय लहर एका फेरीत विरत नाही. ती दर फेरीला क्षीण होत नळीत मागे-पुढे करत राहते, एकदा ओढ बनून, एकदा रेटा बनून. त्यामुळे काही आरपीएमला ओव्हरलॅपच्या वेळी ओढ सापडते आणि टॉर्क वर उचलला जातो, काही आरपीएमला नेमका रेटा समोर येतो आणि टॉर्कच्या आलेखात खड्डा पडतो. एका ठराविक आरपीएमला गाडी अचानक मरगळल्यासारखी वाटून पुढे पुन्हा जोर धरते, त्यामागे पुष्कळदा हा खड्डा असतो.

ढोबळ नियम असा निघतो: लांब प्रायमरी कमी आरपीएमला साथ देते, आखूड प्रायमरी जास्त आरपीएमला. शर्यतीच्या उच्च आरपीएमच्या इंजिनांचे हेडर म्हणूनच आखूड असतात.

## जाडीचा मोह

जाड पाइप म्हणजे मोकळा श्वास, हा समज सगळ्यात चिवट. आतला व्यास 38 मिलिमीटरवरून 42 केला तर चारच मिलिमीटर वाढल्यासारखे वाटतात, पण क्षेत्रफळ 22 टक्क्यांनी वाढतं आणि तेवढाच वायू नेताना त्याचा वेग सुमारे 18 टक्क्यांनी घटतो. वेग घटला की स्तंभाची ओढ घटते. कमी आरपीएमला वायू आधीच थोडा, त्यात नळी ऐसपैस, मग खालचा टॉर्क जाणारच. वरच्या आरपीएमला बारीक नळीच गळा आवळते, तिथे जाड नळी हवी. रोजच्या वापरासाठी निवडायचं असेल तर मी बारीककडेच झुकेन, कारण बहुतेक गाड्या बहुतेक वेळ खालच्या निम्म्या आरपीएममध्येच असतात.

## 4-1 की 4-2-1

चार सिलिंडरच्या इंजिनात नळ्या जोडायच्या दोन प्रमुख तऱ्हा. चारही एकदम एकात, ती 4-1. किंवा आधी दोन-दोन जोड्या आणि मग त्या दोन्ही एकात, ती 4-2-1. सर्वसाधारणपणे पहिली वरच्या टोकाला जास्त पॉवर देते, दुसरी मधल्या आरपीएमला पसरट टॉर्क.

कारण बघण्यासारखं आहे. चार सिलिंडरची नेहमीची पेटण्याची पाळी 1-3-4-2 अशी असते, प्रत्येकात 180 अंशांचं अंतर. म्हणजे पहिला सिलिंडर आपला वायू काढत शेवटाला आलेला असतो, तेवढ्यात तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याचा दणका सुटतो. नळ्या आखूड असतील तर तो दणका वळसा घालून पहिल्याच्या अजून न मिटलेल्या व्हॉल्व्हपाशी येतो आणि बाहेर निघालेला वायू परत आत कोंबतो. 4-2-1 मध्ये पहिला जोडतात चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी. या जोड्यांमध्ये अंतर 360 अंशांचं, म्हणजे जोडीदाराचा दणका ओव्हरलॅपच्या वेळी येतच नाही, आणि परक्या जोडीच्या दणक्याला लांबचा रस्ता कापावा लागतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला माझदाच्या स्कायअॅक्टिव्ह-जी इंजिनात आहे. या कंपनीला पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन रेशो 14 पर्यंत न्यायचा होता. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे इंधनाचा जास्त चांगला वापर, पण मिश्रण फार तापलं तर ते वेळेआधी आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके देतं. आता साधा हिशेब करू. आत येणारी हवा 25 अंशांची, मागे उरलेला जळका वायू 750 अंशांचा, आणि तो एकूण वायूच्या दहावा हिस्सा. मिसळल्यावर तापमान जातं शंभराच्या घरात, म्हणजे दाबायला सुरुवात करण्याआधीच सत्तर अंशांची भर. कॉम्प्रेशन 10 असेल तर दाबून झाल्यावर ही भर साधारण 160 अंशांची होते. उरलेला वायू निम्म्यावर आणला, तर तेवढं जास्त कॉम्प्रेशन पचवायला जागा मिळते.

म्हणून 2012 च्या सीएक्स-5 मधल्या 2 लिटर इंजिनाला कंपनीने लांब 4-2-1 हेडर दिला. कॉम्प्रेशन काही बाजारांत 14, काही बाजारांत 13 ठेवलं. त्याच सुमारास उत्तर अमेरिकेत हेच इंजिन आधीच्या आराखड्याच्या माझदा 3 मध्ये घातलं, तर त्या बॉडीत एवढा लांब हेडर मावेना. त्या गाडीत कॉम्प्रेशन 12 वर उतरवावं लागलं. हेडरला जागा नाही म्हणून इंजिनाच्या आतलं मापच बदललं. हेडर म्हणजे नुसता दिखाऊ पाइप असं म्हणणाऱ्याला मी हाच दाखला देतो.

मोटरसायकलवाल्यांनी वेगळी वाट काढली. यामाहाने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्सअप नावाची झडप आणली. हेडरच्या नळ्या जुळतात तिथे ती बसते, कमी आरपीएमला अर्धवट मिटून नको असलेल्या लहरी मोडते आणि वरच्या आरपीएमला पूर्ण उघडते. 1989 च्या एफझेडआर 1000 मुळे ती गाजली. एका लांबीच्या नळीला दोन स्वभाव देण्याचा तो प्रयत्न होता, आणि चांगलाच यशस्वी.

## पण इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच ना?

चार स्ट्रोकच्या इंजिनाला नाही. बॅकप्रेशर म्हणजे वायूला बाहेर पडताना होणारा अडथळा, आणि त्याविरुद्ध वायू रेटण्यात पिस्टनची मेहनत वायाच जाते. मेकॅनिकचं निरीक्षण मात्र खरं असतं: जाड, मोकळा पाइप लावला आणि पिकअप गेला. त्याचं कारण बॅकप्रेशर गेलं हे नव्हे. पाइप जाड झाल्याने वायूचा वेग गेला, लांबी बदलल्याने लहरींची वेळ चुकली. कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक भानगड, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच ठेवलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. तीन बदल एकदम झाले आणि दोष चौथ्यावर गेला.

दोन स्ट्रोकची गोष्ट निराळी. तिथे ताजं मिश्रण एक्झॉस्टच्या उघड्या तोंडातून निसटतं, त्याला परत ढकलणारा रेटा खरोखरच हवा असतो. पण तोही वेळेवर आलेला, सतत असलेला अडथळा नव्हे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी 1950च्या दशकात फुगीर पोटाच्या एक्झॉस्टवर हेच काम करून छोट्या इंजिनांतून थक्क करणारी पॉवर काढली. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ती विद्या सुझुकीकडे गेली आणि 1962 चं 50 सीसीचं जगज्जेतेपद त्याने सुझुकीवरच जिंकलं. एका पाइपच्या आकारासाठी झालेली ही बहुधा सर्वात नाट्यमय फितुरी असावी.

## मग कंपनीच चांगला हेडर का देत नाही?

पुष्कळदा देते. देत नाही तेव्हा कारणं ठोस असतात. बिडाचा मॅनिफोल्ड स्वस्त, टिकाऊ, कमी जागेत मावणारा आणि आवाज दाबणारा. मुख्य म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तो इंजिनाच्या जितका जवळ तितका बरा. लांब हेडरमधून जाताना वायू थंडावतो आणि इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात धूर तसाच बाहेर पडतो. माझदालाही थंड इंजिन सुरू होताना ठिणगी उशिरा टाकून वायू मुद्दाम गरम ठेवावा लागला. कितीतरी नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे बदलायला हेडर वेगळा काढताच येत नाही.

बाहेर जाणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरवून आत हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या गाडीत हिशेब आणखी बदलतो. तिथे दणक्यातली ताकद टर्बाइन फिरवण्यासाठी लागते, म्हणून नळ्या बऱ्याचदा आखूड ठेवतात. टर्बाइनकडे दोन वेगळ्या वाटा असलेल्या ट्विन-स्क्रोल टर्बोत मात्र 1-4 आणि 2-3 या जोड्या टर्बाइनपर्यंत वेगळ्या नेतात, कारण वर सांगितलं तेच.

आणि बाजारातला हेडर बसवताना कन्व्हर्टर काढून टाकायचा असेल, तर अनेक देशांत ते बेकायदा आहे.

## आवाज भारी झाला म्हणजे फायदा झालाच की!

आवाजावरून पॉवर कळत नाही. सुबारूच्या जुन्या बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनांचा तो ओळखीचा गुरगुराट असमान लांबीच्या नळ्यांमुळे यायचा. समान लांबीचा हेडर लावला की स्पंदनं सारख्या अंतराने येतात आणि गुरगुराट जातो. चाहते ज्यासाठी हळहळतात ती खरं तर हेडरची खोट. उलट दिशेचं उदाहरण फोर्ड जीटी40 चं. तिच्या व्ही8 इंजिनात एकाच बाजूच्या सिलिंडरांचे दणके असमान अंतराने येत, म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींत गुंफून जुळवल्या. सापांच्या वेटोळ्यासारखा दिसणारा तो गुंता वेळ साधण्यासाठी होता.

## बसवताना हुकणाऱ्या गोष्टी

हेडरचं तोंड सिलिंडर हेडला जिथे टेकतं तिथली गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी) हातात घेऊन पोर्टवर, म्हणजे हेडमधल्या वायूच्या तोंडावर, धरून पाहा. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा लहान असेल, तर तिची कड आतल्या वाटेत डोकावते आणि नेमकी सगळ्यात वेगवान वायूच्या आड येते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची ही कड महागड्या नळ्यांवर पाणी फिरवू शकते. उलट नळी पोर्टपेक्षा किंचित मोठी असेल तर चालतं. ती पायरी परत येणाऱ्या वायूला थोडी अडवते, जाणाऱ्याला नाही.

जोडातली गळती आणखी फसवी. वायू बाहेर गळेल एवढंच आपण धरून चालतो. पण नळीत ओढ येते तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं आणि दोष हेडरच्या डिझाइनला लागतो.

स्टेनलेस स्टीलची मीटरभर नळी सहाशे अंशांनी तापली की जवळपास सेंटिमीटरभर लांबते. चारही नळ्या दोन्हीकडे घट्ट वेल्ड केल्या आणि हलायला वावच ठेवला नाही, तर वेल्ड तडकतात. म्हणून बऱ्या हेडरमध्ये नळ्या कलेक्टरच्या तोंडात नुसत्या सरकवून स्प्रिंगने धरलेल्या असतात.

आणि ईसीयू. हेडरने जास्त हवा आत आणली तरी पूर्ण थ्रॉटलला अनेक गाड्यांचा ईसीयू आधी भरलेल्या तक्त्यावर विसंबतो. तो तक्ता नव्या हवेनुसार जुळवला नाही तर फायद्याचा मोठा भाग हाती लागत नाही.

## डायनोचा कागद कसा वाचायचा

विकणाऱ्याने डायनोचा (पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख दाखवला, तर कमाल आकड्याकडे शेवटी बघा. आधी रेषा कुठून सुरू होते ते पाहा. ती 4,000 पासूनच काढली असेल तर खालचा भाग बहुधा दाखवण्यासारखा नव्हता. जुन्या आणि नव्या एक्झॉस्टचे दोन्ही आलेख एकाच डायनोवर, एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये काढलेले हवेत, कारण हवेचं तापमान आणि दाब बदलला तरी आकडे हलतात. मग टॉर्कच्या दोन रेषा कोणत्या आरपीएमला एकमेकींना छेदतात ते शोधा. त्याच्या डावीकडे जुना पाइप सरस, उजवीकडे नवा. तुमची गाडी त्या छेदाच्या कोणत्या बाजूला जास्त वेळ असते, हे आठवडाभर टॅकोमीटरवर अधूनमधून नजर टाकली तरी कळतं.